लुईस कॅरल शेल्फ पुरस्कार

इंग्रजीतील बालपुस्तकांसाठी अमेरिकेत १९५८ ते १९७९ या काळात दरवर्षी दिला गेलेला पुरस्कार. मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेने तो सुरू केला. लुईस कॅरलची ‘अ‍ॅलिस’ ही बालकादंबरी १८६५ मध्ये आली. तिच्या शेजारी त्याच फळीवर मांडता येईल असे पुस्तक निवडायचे, ही कसोटी होती. प्रकाशकांनी आपल्या यादीतून पुस्तके सुचवायची, त्यांतून निवड समितीने एका वर्षात अनेक पुस्तके गौरवायची, अशी पद्धत. पुस्तक त्याच वर्षी निघालेले असावे, अशी अट मात्र नव्हती आणि या पुरस्काराचे खरे मोल याच मोकळिकीत आहे. बालपुस्तकाचा कस ते निघाले त्या वर्षी लागत नाही. ते वाचून मोठी झालेली मुले पुढच्या मुलांच्या हाती ते देतात की नाही, यावर तो ठरतो.

याचा पुरावा शेजारच्याच एका मोठ्या पुरस्काराच्या इतिहासात सापडतो. अमेरिकेत बालसाहित्यासाठी १९२२ पासून दिले जाणारे न्यूबेरी पदक आदल्या वर्षीच्या पुस्तकाला मिळते. १९५३ चे पदक अ‍ॅन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला गेले. ई. बी. व्हाइट यांचे ‘शार्लट्स वेब’ त्या वर्षी उपसन्मानावर थांबले. जत्रेच्या आवारात, अंडी सुरक्षित ठेवून, एकटीच मरून जाणारी कोळीण मुलांच्या गोष्टीत असावी का, हा प्रश्न मोठ्यांना पडण्यासारखाच होता. मुलांनी तो केव्हाच निकालात काढला. १९५९ मध्ये हे पुस्तक कॅरलच्या फळीवर आले. वांडा गाग यांच्या ‘मिलियन्स ऑफ कॅट्स’चेही तसेच. १९२८ च्या या पुस्तकात टेकड्यांची ओळ डाव्या पानावरून उजव्या पानावर वाहत जाते, मजकूर हाताने लिहिलेला आहे आणि सगळे काम काळ्या-पांढऱ्यात. न्यूबेरीने उपसन्मान दिला, पदक दिले नाही. तीस वर्षांनी, १९५८ मध्ये, कॅरल पुरस्कार मिळाला तेव्हा ते पुस्तक छापले जातच होते. लॉरा इंगल्स वाइल्डर यांना तर न्यूबेरीचे पाच उपसन्मान मिळाले, पदक एकदाही नाही. त्यांचे १९३२ चे ‘लिटल हाउस इन द बिग वूड्स’ १९५८ च्याच यादीत आहे.

काळाची कसोटी लागू देण्याचे हे तत्त्व पुरस्काराने स्वतः मात्र नेटाने पाळले नाही. ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ १९६० मध्ये आले आणि १९६१ मध्ये न्यूबेरी आणि कॅरल हे दोन्ही मान त्याला मिळाले. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ला १९६४ मध्ये चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डेकॉट पदक मिळाले आणि त्याच वर्षी हा पुरस्कारही. निवड चुकली असे म्हणता येणार नाही, पण इथे पुरस्काराने जगाला नवे काय सांगितले? काळाच्या वतीने बोलणाऱ्याने काळाआधी बोलू नये.

टिकण्यालाच गुण मानण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की पुस्तके मुले विकत घेत नाहीत, मोठी माणसे घेतात, तेही आपल्या बालपणाच्या ओढीने. त्यामुळे टिकते ती मोठ्यांची हळवी आठवण. यात तथ्य आहे, पण थोडेच. ओढीने पुस्तक एकदा घरी येते. तेच पुन्हा वाचून दाखवा असा हट्ट मूल धरते आणि वाचनालयातली प्रत झिजून तिच्या जागी नवी घ्यावी लागते, ती मुलांनी हाताळल्यामुळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पुस्तकाबरोबर त्यातले पूर्वग्रहही टिकतात. वाइल्डर यांच्या १९३५ च्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’त त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी) राहत, अशा अर्थाचे वाक्य होते. एका वाचकाने तक्रार केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकार’ आले. २०१८ मध्ये अमेरिकन बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या जीवनगौरव पुरस्कारावरून वाइल्डर यांचे नाव काढले. पुस्तक वाचनात होते म्हणूनच ही झडती होऊ शकली. विस्मरणात गेलेल्या पुस्तकातले वाक्य कोण तपासतो? मात्र जे पुस्तक छापलेच गेले नाही, ते टिकणार कसे, याला या पुरस्काराकडे उत्तर नव्हते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की १९६२ ते १९६४ मधल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. प्रकाशकांच्याच शिफारशींतून निवडणाऱ्या समितीला ही उणीव भरून काढणे शक्य नव्हते.

१९७९ नंतर पुरस्कार बंद झाला. प्रतीक्षेची शिस्त त्याला जमली नव्हती. ती पुढे चिल्ड्रन्स लिटरेचर असोसिएशनच्या फीनिक्स पुरस्काराने नियमात आणली. वीस वर्षांपूर्वी निघालेले आणि तेव्हा मोठा पुरस्कार न मिळालेले इंग्रजी पुस्तकच त्यासाठी पात्र ठरते. पहिला फीनिक्स पुरस्कार १९८५ मध्ये रोझमेरी सटक्लिफ यांच्या १९६५ च्या ‘द मार्क ऑफ द हॉर्स लॉर्ड’ या कादंबरीला मिळाला.