डोळ्याचं दुखणं आणि पलटणीचा कागद

मागच्या बैठकीला एका माजी सैनिकाची बायको पिशवीभर कागद घेऊन आली. नवऱ्याच्या डोळ्यांचं दुखणं फौजेतल्या नोकरीतूनच आलं, हे दाखवायचं कसं, असं ती विचारत होती. त्याबद्दल वाचताना आम्हाला अमेरिकेतली एक हकिगत सापडली.

दुसऱ्या महायुद्धात तिथल्या फौजेनं आपल्याच ६० हजारांवर जवानांवर विषारी रसायनांचे प्रयोग केले. पुष्कळांच्या कातडीवर नुसता थेंब लावला. पण निदान ४ हजार जणांना मस्टर्ड वायू भरलेल्या बंद खोलीत नाहीतर वायू सोडलेल्या मैदानात उतरवलं. मस्टर्ड म्हणजे मोहरी, पण त्यात मोहरी नसते, वासावरून नाव पडलं. हा वायू लागताक्षणी दुखत नाही. काही तासांनी डोळे सुजतात, उघडत नाहीत. मग बरे होतात. काहींच्या बुबुळावर मात्र पंधरा-वीस वर्षांनी फूल पडायला लागतं आणि नजर जाते.

याबद्दल कुठं बोलायचं नाही, अशी जवानांना ताकीद होती. त्यांनी डॉक्टरलाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. नोकरीच्या कागदांत बहुतेकांची नोंदच नव्हती. मग भरपाई कशाच्या आधारावर मागणार?

१९९२ मध्ये नियम आला. पूर्ण अंगाला हा वायू लागला असेल आणि पुढं डोळ्यांचा जुनाट दाह झाला किंवा बुबुळावर फूल पडलं, तर ते नोकरीमुळंच असं धरायचं. १९९३ मध्ये गुप्ततेची अटही उठली. तरी वायू लागला होता हे दाखवावं लागेच, आणि कागद नसलेले पुष्कळजण तिथंच अडकले. सरकारनंच लपवलं आणि पुरावा म्हाताऱ्या जवानानं आणायचा, हे आम्हाला पटलं नाही.

आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या खटल्यात निकाल दिला. त्यांना फिट येत होत्या, डोळ्यांचं काही नव्हतं. पण १९८२ च्या नियमांवरून न्यायालयानं सांगितलं, की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढं आजारामुळं जवानाला घरी पाठवलं, तर तो नोकरीतूनच आला असं धरायचं. तसं नसेल तर ते फौजेनं कारणांसह दाखवायचं.

म्हणून आम्ही पिशवीत भरतीवेळचा तपासणीचा कागद शोधला. डिस्चार्ज बुक होतं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या, तो नव्हता. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज तिथंच बसून लिहिला.