बंगल्यातलं भूत उसात येतं तेव्हा

आवडता भयपट कोणता, हा प्रश्न साताऱ्यात किंवा सांगलीत चार जणांच्या बैठकीत टाकून पाहावा. उत्तरावरून माणसाचं वय कळतं. साठीकडे झुकलेला माणूस ‘पुराना मंदिर’ म्हणतो आणि जत्रेच्या तंबूत, फाटक्या पडद्यावर पाहिलेला सामरी आठवतो. चाळिशीतल्याला तात्या विंचू आठवतो. तिशीतला ‘तुंबाड’ सोडून बोलायला तयार नसतो. मग वाद सुरू होतो तो जातकुळीचा: बाहुलीचा सिनेमा हा खरा भयपट का? ‘झोंबिवली’ भयपटात धरायचा की विनोदीत?

असं वर्गीकरण आपल्याकडे सिनेमाच्या आधीपासून आहे. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेला असा मुलगा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. पैशात जीव अडकलेला, क्रियाकर्म न झालेला माणूस समंध होतो. आज्यांनी भुतांची विभागणी केली ती त्यांच्या दिसण्यावरून किंवा ती कशी घाबरवतात यावरून नाही, ती कशी मेली यावरून. भुताचं नाव ऐकलं की त्याच्यावर काय अन्याय झाला किंवा त्याने काय पाप केलं, हे कळत असे. या दोन जिल्ह्यांत गेल्या पन्नास वर्षांत भयपट कसा बदलला हे पाहायचं, तर ही जुनी फूटपट्टी फार उपयोगी पडते.

सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरपासून करावी लागते. कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे फतेहचंद रामसिंघानी, म्हणजे एफ. यू. रामसे, फाळणीनंतर मुंबईत आले आणि सिनेमाकडे वळले. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या चित्रपटात पैसा बुडाला. पण चेहऱ्यावर भेसूर मुखवटा चढवलेला पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतो, तेवढ्या प्रसंगासाठी लोक पुन्हा पुन्हा थेटरात येतात, हे मुलांच्या लक्षात आलं. मग पूर्ण सिनेमाच तसा का करू नये? सात भाऊ, त्यांच्या घरच्या बायका आणि मोजके कलाकार महाबळेश्वरला गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं, कॅमेरा गंगूचा, आवाज किरणचा. स्वयंपाक घरच्या बायकांनी केला. सुमारे चाळीस दिवसांत ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला आणि १९७२ मध्ये लागला. बायको आणि तिचा प्रियकर नवऱ्याला मारून पुरतात आणि तो परत येतो, एवढीच गोष्ट. हिंदीतल्या रामसेपटांची वाट तिथून सुरू झाली.

महाबळेश्वर सोयीचं का पडलं, हेही उघड आहे. धुकं फुकटचं, साहेबाच्या काळातले बंगले तयार, मुंबई एका दिवसाच्या अंतरावर. पण आपल्या जिल्ह्यातल्या त्या धुक्यात आपलं कुणी नव्हतं. बंगला परक्याचा, ठाकूर उत्तरेतला, हवेली कुठल्यातरी अनाम मुलखातली. वाई-कोरेगावच्या जत्रेत तंबूत बसलेला प्रेक्षक किंचाळायचा आणि किंचाळून झाल्यावर भेळ खायला जायचा. पाप दुसऱ्याच्या घराण्याचं होतं, म्हणून भीतीही तीन तासांची होती.

१९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये भूत मराठी बोलायला लागलं. मरता मरता मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरणारा गुंड ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाची. पण रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल यांमुळे तो पुरता इथला झाला. भूत घराजवळ आलं तसं आपण त्याला हसून घेतलं. पुढे ‘पछाडलेला’मध्येही तेच. भीती आणि हसू एकाच ताटात वाढायची ही रीत मराठी प्रेक्षकाला मनापासून आवडते, २०२४ चा ‘मुंज्या’ही त्याच वाटेने गेला.

२०१८ चा ‘तुंबाड’ मात्र हसू देत नाही. राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा घेतली, श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून नाव घेतलं आणि कोकणातल्या एका वाड्यात लोभ कोंडून ठेवला. आजीच्या वर्गवारीत हा समंधाचा सिनेमा. यातलं पाप परक्या ठाकुराचं नाही, सोन्याच्या मोहरा कनवटीला लावून पुण्याला परतणाऱ्या चारचौघांतल्या माणसाचं आहे. गुप्तधनाचा लोभ ही आपल्याकडे जुन्या काळातली गोष्टही नाही. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यात एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचे मृतदेह सापडले. आधी ती सामूहिक आत्महत्या वाटली. नंतर पोलिसांनी गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाला खुनाच्या आरोपाखाली अटक केली.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. भुताचे सिनेमे आवडीने पाहणं म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं नाही का? या दोन जिल्ह्यांत तो हलक्यात घेता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांचं महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि वैद्यकीय शिक्षण मिरजेत झालं. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात संमत झाला. गुप्तधनाच्या नावाखाली होणारी अमानुष कृत्यं त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. भानामतीच्या तक्रारी आल्या की समितीचे कार्यकर्ते त्या घरी जात. घरावर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, तर त्यामागचा माणसाचा हात शोधत. बहुतेक वेळा तो हात घरातल्याच कुणा पिचलेल्या माणसाचा निघे.

चांगला भयपट उलट्या दिशेने निघून त्याच हातापाशी पोचतो, असं मला वाटतं. त्याचा दाखला २०१७ च्या ‘लपाछपी’त आहे. विशाल फुरिया यांच्या या चित्रपटात गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर सावकारांपासून लपायला उसाच्या फडातल्या एका घरात येते. उषा नाईक यांची तुळसाबाई तिची काळजी घेते. उसात मुलं खेळत असल्याचे आवाज येतात. हवेली नाही, वाडा नाही, धुकंही नाही. दुपारच्या उन्हात पुरुषभर उंचीचा ऊस, ज्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, तो त्यातच वाढलेला असतो. भूत तिथे का आहे याचं उत्तर मुलग्याच्या हव्यासात आणि मारून टाकलेल्या मुलींत मिळतं. आजीच्या भाषेत ही हडळीची गोष्ट.

हा चित्रपट जुलैमध्ये लागला. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला पुरलेली १९ अर्भकं सापडली होती. गर्भपातादरम्यान एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्याच्या तपासातून ते बाहेर आलं. चार महिन्यांत चित्रपट लिहून, चित्रित होऊन पडद्यावर येत नाही, म्हणजे तो म्हैसाळवर बेतलेला नव्हता. बेतण्याची गरजही नव्हती. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे राज्यात ९१३ मुली होत्या, साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१. लेखकाला हे आकडे पाठ असोत वा नसोत, ऊस सगळ्यांना दिसत होता. पुढे फुरियांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ नावाने तो हिंदीत केला. मुलूख बदलला, बोली बदलली, ऊस तोच राहिला, कारण गोष्ट तिथेही खरी होती.

बंगल्यातून वाड्यात आणि वाड्यातून उसात हा भुताचा पन्नास वर्षांचा प्रवास आहे. ते जसजसं जवळ आलं तसतशी त्याच्या मागची माणसं ओळखीची होत गेली. म्हणून आवडत्या भयपटाच्या वादात मी ‘लपाछपी’च्या बाजूने असतो. रामसेंवरचं प्रेम त्याने कमी होत नाही. सामरीला घाबरणं हे सुख होतं, ते कोण नाकारेल? पण तंबूतून बाहेर पडल्यावर सामरी घरी येत नसे.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने एक समारंभ केला होता. जिल्ह्यातल्या २८५ मुलींची नावं त्या दिवशी बदलली. त्याआधी त्या सगळ्यांचं नाव नकुशा किंवा तशाच अर्थाचं होतं. नको असताना झालेली मुलगी, म्हणून नकुशा. आई-वडिलांनी ठेवलेलं, शाळेच्या हजेरीपटावर लिहिलेलं. त्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीचंही आज शाळा संपवायचं वय झालं असेल. त्यांच्यापैकी कुणी आमच्या या वादात बसलं, तर तिचा आवडता भयपट कोणता, हे मला ऐकायचं आहे.