स्कुटारीचे रुग्णालय आणि सुरक्षित परिचर्येचा पाया

परिचर्येच्या इतिहासात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिव्याचा उल्लेख हटकून होतो. तो दिवा सेवाभावाचे प्रतीक ठरला. मात्र रुग्णाच्या सुरक्षिततेचे ज्ञान कोठून आले, याचा शोध त्या दिव्यापेक्षा स्कुटारीच्या गटारांत घ्यावा लागतो.

क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांसाठी तुर्कस्तानात स्कुटारी येथे बरॅक रुग्णालय होते. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तेथे पोहोचल्या. अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण यांची व्यवस्था त्यांनी लावली. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. त्यांच्याच आकडेवारीनुसार फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्युदर शेकडा ४२ वर गेला. सैनिक दगावत होते ते जखमांपेक्षा हगवण, कॉलरा व ज्वर यांनी. इमारतीखालील गटारे तुंबली होती आणि कक्षांत हवा खेळत नव्हती. मार्चमध्ये जॉन सदरलँड यांचा स्वच्छता आयोग आला. गटारे साफ झाली, भिंतींना चुना लागला, हवेला वाट मिळाली. जूनपर्यंत मृत्युदर शेकडा २ पर्यंत उतरला. ऋतुपालट, कमी झालेली गर्दी व सुधारलेली रसद यांचाही त्यात वाटा होता, हे नाकारता येत नाही.

करुणा तीच होती, माणसेही बहुतांशी तीच होती. बदलला होता तो परिसर. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने आकडे तपासताना नाइटिंगेल यांना याचे पूर्ण आकलन झाले. १८५८ मधील त्यांच्या प्रसिद्ध आकृतीत रोगाने झालेले, टाळता येण्याजोगे मृत्यू वेगळ्या रंगात दाखविले आहेत. १८६० च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात शुद्ध हवा, पाणी, सांडपाण्याचा निचरा, प्रकाश, हातांची स्वच्छता आणि रुग्णाचे अचूक निरीक्षण यांवर भर आहे तो या अनुभवातूनच. त्यामागील दूषित हवेचा सिद्धान्त पुढे चुकीचा ठरला. उपाय मात्र टिकले.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तथापि १८५९ च्या शाही आयोगासाठी त्यांनी तयार केलेल्या प्रश्नावल्या येथील लष्करी ठाण्यांवर पाठविण्यात आल्या. १८६३ च्या अहवालाने भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे दाखविले. येथेही शत्रू रणांगणावर नव्हता. तो बराकीतील गर्दीत, पिण्याच्या पाण्यात आणि उघड्या गटारांत होता.