गोडावरचा रंग का उडतो? हळद, रातांबा, शेंदूर आणि केकवरच्या जांभळ्या फुलाचा इतिहास

१/
मकरसंक्रांतीला देवरूखजवळच्या मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशी विवाह लागतो. याच दिवसांत घरोघरी नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. साखरेने नटवण्याची ही आपली जुनी रीत. आज त्याच गावात वाढदिवसाच्या केकवर जांभळी फुले फुलतात आणि बघता बघता निळसर पडतात. या फिक्या पडणाऱ्या फुलामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/
आधी हलवा पाहू. मंद शेगडीवर परात, तीत तीळ किंवा खसखस, वरून थेंबाथेंबाने साखरेचा पाक आणि बोटांनी अखंड हलवणे. दाण्यावर काटा उमटतो तो या चिकाटीने. रंगीत हलवाही होतो, पण सुगरणीची परीक्षा पांढऱ्याशुभ्र, काटेरी दाण्यात होई. काळ्या चंद्रकळेवर तो असा उठून दिसे की रंगाची गरजच भासत नसे. जो रंग दिलाच नाही, तो उडणार कसा?

३/
जिथे रंग हवा होता, तिथे हळद आणि केशर होते. हळदीचा स्वभाव प्रत्येक घराला ठाऊक आहे: कपड्यावरचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की निघून जातो. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य प्रकाशात विघटित होते. केशर घट्ट झाकणाच्या डबीत, अंधारात जपून ठेवतात, त्याचेही एक कारण हेच.

४/
हळदीच्या याच चंचलपणातून आपण एक टिकाऊ लाल रंग घडवला. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून पारंपरिक कुंकू तयार होई. टाकणखारातील बोरॉन आणि कर्क्युमिन यांच्या संयोगातून तो लाल रंग येतो. ‘आम्ल’ आणि ‘अल्क’ हे शब्द पाठ्यपुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी ही प्रक्रिया स्वयंपाकघरात चालत होती.

५/
रत्नागिरी जिल्ह्याचा स्वतःचा रंग मात्र रातांब्याचा. पिकलेल्या फळाच्या सालीत अँथोसायनिन गटातील रंगद्रव्ये असतात. कोकम मुळात आंबट, आणि आम्लात ही द्रव्ये लाल राहतात. म्हणून आगळ गडद लाल दिसते. तेच आगळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकले तर लाली जाऊन निळसर, मळकट छटा येते. उष्णता आणि प्रकाश यांनीही हा रंग झिजतो.

६/
आता हेच कोकम केकवर नेऊन पाहा. रॉयल आयसिंग अंड्याच्या पांढऱ्या बलकात पिठीसाखर फेटून करतात. हा बलक अल्कधर्मी असतो. त्यात फळाचा लाल रंग घातला तर तो करडा किंवा निळसर होऊ लागतो. लिंबाचे काही थेंब अशा वेळी लाली राखायला मदत करतात. सोलकढीला जमणारा रंग आयसिंगला का जमत नाही, त्याचे उत्तर या आंबटपणात आहे.

७/
मग कधीच न उडणारा रंग नव्हताच का? होता. गावाच्या वेशीवरच्या देवाला फासलेला शेंदूर ऊनपावसातही लाल दिसतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. वनस्पतींच्या नाजूक रेणूंहून खनिजांची ही स्फटिकरचना कितीतरी चिवट. दगडाच्या देवाला तो रंग शोभतो. माणसाच्या पोटात तो विष ठरतो.

८/
हे विष युरोपात लहान मुलांच्या हातात पडले. १८२० मध्ये रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक अक्कम यांनी लंडनमध्ये अन्नभेसळीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मिठाईच्या लाल गोळ्यांत हिंगूळ आणि त्यात मिसळलेला शेंदूर, तर काही गोळ्यांत तांब्याची संयुगे आहेत, हे त्यांनी मांडले. वेशीवरच्या देवाचा रंग तिथे चक्क खाऊत होता.

९/
१८५० च्या दशकात डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन लंडनच्या दुकानांतले पदार्थ तपासले. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे अहवाल छापून आले. पिवळ्या मिठाईत लेड क्रोमेट सापडले. रंग झळझळीत, स्वस्त आणि न विटणारा होता, म्हणूनच तो लोकप्रिय होता. या गदारोळातून १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा झाला.

१०/
तोवर रंगांच्या जगात उलथापालथ झाली होती. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून पुढे शेकडो रंग निघाले. ते मूळचे कापडासाठी होते, पण हलवायाच्या कढईपर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागला नाही. चिमूटभर पुरे, म्हणून शिसे-पाऱ्यापेक्षा ते सोयीचे वाटले.

११/
सगळेच निर्धोक नव्हते. १९०६ मध्ये अमेरिकेत अन्न व औषध कायदा झाला आणि १९०७ मध्ये खाद्यपदार्थांसाठी अवघ्या ७ कृत्रिम रंगांची यादी मान्य झाली. त्यांत गुलाबी एरिथ्रोसिन होता आणि निळीपासून केलेला इंडिगो कार्मिनही. पोटाचा प्रश्न काहीसा सुटला. उजेडाचा मात्र पुन्हा उभा राहिला, कारण हे दोन्ही रंग प्रकाशात लवकर फिके पडतात.

१२/
प्रकाश नेमके काय करतो, याचा शोध चित्रकलेतून लागला. १८८८ मध्ये ब्रिटनमध्ये रसेल आणि ॲबनी यांनी जलरंगांवर दीर्घ प्रयोग करून अहवाल दिला. हवा आणि ओलावा काढून घेतला की बहुतेक रंग उजेडातही टिकून राहिले. म्हणजे प्रकाश एकटा चोर नाही, हवा आणि दमटपणा त्याचे साथीदार आहेत. कलासंग्रहालयात जुन्या चित्रांवर मंद प्रकाश असतो, तो याच ज्ञानामुळे.

१३/
आता जांभळे फूल. आयसिंगमधला जांभळा बहुधा एकच रंग नसतो, तो गुलाबी आणि निळ्याचा संसार असतो. एरिथ्रोसिनच्या रेणूत आयोडिनचे ४ अणू असतात. प्रकाश पडला की हा रेणू लवकर तुटतो. सोबतचा ब्रिलियंट ब्लू त्यामानाने तग धरतो. गुलाबी निघून जातो, निळा मागे उरतो. फूल रंग बदलत नाही, त्यातला एक भागीदार निघून गेलेला असतो.

१४/
भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५५ मध्ये लागू झाला. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांची यादी छोटी आहे: पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टारट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. म्हणजे ८. प्रमाणावरही मर्यादा आहे. त्यामुळे ‘विटेल म्हणून जास्त घालू’ हा मार्ग कायद्याने बंद आहे.

१५/
मोह तरीही संपला नाही. मेटॅनिल यलो हा कापड-चामड्याचा पिवळा रंग खाद्यपदार्थांत वापरायला मनाई असूनही मिठाईत आणि हळदीत सापडत आला आहे. संशयित पदार्थावर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की तो जांभळट-गुलाबी होतो आणि उघडा पडतो. दुसरीकडे यादीही कायमची नसते. १९०७ पासून चालत आलेल्या एरिथ्रोसिनची खाद्यपदार्थांतील परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली.

१६/
मग केकवरचे फूल वाचवायचे कसे? इतिहासच सांगतो. नाजूक रंगाचे काम शेवटी करावे. केक खिडकीपासून आणि तेजस्वी दिव्यापासून दूर, बंद खोक्यात ठेवावा. कोकणच्या दमट हवेत ओलावा टाळावा, नाहीतर रंग फिका पडण्याआधी पसरतो. फळाचा लाल रंग असेल तर मिश्रणात किंचित आंबटपणा असू द्यावा. केशराची डबी आणि आगळाची बाटली अंधारात ठेवणाऱ्या आजीने यातले बहुतेक आधीच केले होते.

१७/
दोनशे वर्षांचा हिशेब असा: जे रंग कधीच उडत नव्हते, त्यांतले कित्येक विषारी निघाले. जे पोटाला सोसतात, त्यांतले बरेचसे उजेडाला भितात. म्हणून संध्याकाळी निळसर झालेले फूल पाहून बेकरीवाल्यावर रागावण्याआधी एवढे आठवावे की अक्कमच्या काळातली लाल गोळी वर्षभर तशीच लाल राहत असे, आणि ती एखाद्या मुलाच्या तोंडात विरघळत असे.

(समाप्त)