मे महिन्यातलं हेलिकॉप्टर

गेल्या मे महिन्यात गोंदियात, भर दुपारी भाच्याचं बॅटरीवरचं रिमोट हेलिकॉप्टर धप्पकन शेतात पडलं आणि मी त्याच्यावरच ओरडलो.

रात्री वाचत बसलो. १९७० साली जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी असं हेलिकॉप्टर यशस्वीपणे उडवलं, तेही इंजिनावर. बॅटरीवरची खरी मजा लिथियम-पॉलिमर आल्यावर, २००० नंतरची. पण ४५ अंशांत हवा १५ अंशांपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. पाती जोरात फिरवावी लागतात, मोटर जास्त वीज ओढते, आधीच तापलेली बॅटरी आणखी तापते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आमच्या बिरसीला धावपट्टी बांधली. तिथल्या विमानांनाही विरळ हवेचा हाच हिशेब.

चूक पोराची नव्हतीच. सकाळी त्याला सॉरी म्हटलं. आता आम्ही उजाडताच उडवतो, शेतकरी शेतावर निघतात त्या वेळी.

असो.