मेल्या हत्तीचें मोल

हत्ती जिवंत असला तर लाखाचा आणि मेला तर सव्वा लाखाचा, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ऐकतांना आपण हस्तिदंताचा विचार करून समाधान मानतों. परंतु ज्याला दांत नाहींत, ज्याचें वजन अवघें नऊशें-हजार किलोग्रॅम भरतें, आणि मोडीच्या बाजारांत ज्याला लोखंडा-पत्र्याचाच भाव यावयाचा, अशा एका यंत्राचें मोल त्याचें काम संपल्यावर हजारों पटींनीं वाढावें, या कोड्याचा उलगडा हस्तिदंतानें होत नाहीं. इटलींतील फेरारी कारखान्याची ‘२५० जी. टी. ओ.’ ही मोटार हें असेंच एक कोडें आहे. १९६२ सालीं ती अमेरिकेंत सुमारें १८,००० डॉलरांस मिळे. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत त्याच कुळांतील एक गाडी ५,१७,०५,००० डॉलरांस गेली. या दोन आंकड्यांच्या मध्यें काय घडलें, हें पाहण्याजोगें आहे.

एन्झो फेरारी याचा जन्म १८९८ सालीं उत्तर इटलींतील मोदेना शहरीं झाला. तारुण्यांत त्यानें स्वतः शर्यतींत मोटारी हांकल्या, १९२९ सालीं आपलें पथक स्थापून आल्फा रोमेओच्या गाड्या पळविल्या, आणि १९४७ सालीं जवळच्याच मारानेल्लो गांवीं स्वतःच्या नांवाची पहिली मोटार सिद्ध केली. श्रीमंतांना ऐटदार गाड्या विकावयाच्या व तो पैसा शर्यतींत ओतावयाचा, असा त्याचा व्यवहार होता. १९६१ सालीं इंग्लंडच्या जॅग्वार कारखान्यानें ‘ई टाइप’ ही वेगवान व तुलनेनें स्वस्त मोटार बाजारांत आणली, आणि फेरारीस आपल्या ‘२५० जी. टी.’ या गाडीची काळजी वाटूं लागली. तिचें रूपांतर करण्याचें काम ज्योत्तो बिझ्झारिनी या इंजिनियरकडे आलें. तीन लिटरांचें एंजिन त्यानें तेंच ठेविलें. त्याच्या बारा नळकांड्यांपैकीं प्रत्येकाची धारणा सुमारें २५० घन सेंटिमीटर, म्हणून गाडीच्या नांवांत तो आंकडा. मात्र एंजिन अधिक खालीं व अधिक मागें बसविलें, नाकाड लांब व सखल केलें, आणि पिसा विद्यापीठांतील वाऱ्याच्या बोगद्यांत आकाराची परीक्षा घेतली. सुमारें तीनशें अश्वशक्तीचें तें यंत्र ताशीं २८० किलोमीटरांपर्यंत धांवूं शके.

गाडी पुरी होण्यापूर्वींच कारखान्यांत बंड झालें. १९६१ च्या अखेरीस बिझ्झारिनी, मुख्य इंजिनियर कार्लो कीती आणि आणखी कांहीं प्रमुख मंडळी एकदम बाहेर पडली. अर्धवट राहिलेलें काम मौरो फोर्गिएरी या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या हातीं आलें; आणि वरचें ॲल्युमिनियमचें कवच घडविलें तें सेर्जो स्कालिएत्ती याच्या कारागिरांनीं. ते पत्रा हातानें ठोकून आकारास आणीत, म्हणून एका गाडीचा मुखवटा दुसरीशीं तंतोतंत जुळत नसे. अशा रीतीनें एकानें आरंभिलेली, दुसऱ्यानें तडीस नेलेली आणि तिसऱ्यानें रूप दिलेली ही कृति आहे.

तिच्या नांवाची कथा याहून मौजेची आहे. ‘जी. टी. ओ.’ यांतील ‘ओ’ म्हणजे ‘ओमोलोगातो’, अर्थात् मान्यताप्राप्त. प्रवासी मोटारींच्या शर्यतींत उतरावयाचें तर त्या नमुन्याच्या निदान शंभर गाड्या तयार झालेल्या असाव्या, असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता. फेरारीनें असें प्रतिपादन केलें कीं, ही नवी मोटारच नव्हे. जुन्या २५० जी. टी.चीच ही सुधारलेली आवृत्ति होय. संघटनेनें तें मान्य केलें. वस्तुतः १९६२ ते १९६४ या काळांत तीन लिटरांच्या अवघ्या ३६ गाड्या बाहेर पडल्या. चार लिटरांच्या तीन धरल्या तर ३९. म्हणजे आज ज्या दुर्मिळतेसाठीं लोक कोट्यवधि डॉलर मोजतात, ती दुर्मिळता एका पळवाटेंतून जन्मास आली. नियम काटेकोरपणें पाळला गेला असता, तर एक तर शंभर गाड्या झाल्या असत्या, नाहीं तर एकही शर्यतींत उतरली नसती.

शर्यतींत ती उतरली, आणि तिनें नांव काढलें. १९६२ च्या मार्चमध्यें फ्लॉरिडांतील सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतींत फिल हिल व त्याचा बेल्जियन जोडीदार यांनीं तिला एकंदरींत दुसरी व आपल्या वर्गांत पहिली आणली. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींतही तेंच घडलें. १९६२, १९६३ व १९६४ अशीं तीन वर्षें लागोपाठ तिनें आपल्या वर्गाचें विजेतेपद फेरारीस मिळवून दिलें. परंतु तोंवर एंजिन चालकाच्या पाठीमागें बसविण्याची पद्धत रूढ होऊं लागली होती, आणि जी. टी. ओ.चे दिवस भरले.

शर्यतींतून बाद झालेल्या मोटारीइतकी निराधार वस्तु दुसरी नसेल. ती रस्त्यावर त्रासदायक, आवाजानें कान किटविणारी, आणि शर्यतीस निरुपयोगी. टेक्सस संस्थानांतील एका हायस्कुलास एक जी. टी. ओ. देणगीदाखल मिळाली, मुलांनीं यंत्रविद्येचे धडे तिच्यावर गिरवावे एवढाच हेतु. १९७२ सालीं शाळेनें ती ६,५०० डॉलरांस विकली, आणि त्यानंतर कित्येक वर्षें ती ओहायोंतील एका शेतांत ऊन, पाऊस आणि बर्फ खात उघड्यावर पडून होती. शाळेचें यांत कांहीं चुकलें असें म्हणवत नाहीं. त्या वेळचा भावच तो होता.

पुढें भाव चढला. १९८८ सालीं एन्झो फेरारी वारला, आणि लगेच पुढच्या वर्षीं एका जी. टी. ओ.स एक कोटीहून अधिक डॉलर आले. मग बाजार कोसळला व कांहीं वर्षांतच तशीच गाडी त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यास मिळूं लागली. पुन्हां भाव चढला: २०१४ सालीं कॅलिफोर्नियांतील लिलांवांत ३,८१,१५,००० डॉलर, तर २०१८ सालीं ४,८४,०५,००० डॉलर. यंत्र तेंच, लोखंड तेंच. भाव मात्र लाटेसारखा वर-खालीं होणारा.

मग विकत घेतलें जातें तें काय? २०१४ सालीं विकल्या गेलेल्या गाडीचेंच चरित्र पहा. तिचा क्रमांक ३८५१. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें बर्फावरील उताराच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविणारा फ्रेंच वीर आंरी ओरेये हा १९६२ सालीं ही मोटार हांकीत असे. सप्टेंबरांत त्यानें व जो श्लेसर यानें फ्रान्सच्या परिक्रमेंत तिला दुसरा क्रमांक मिळवून दिला. आणि ऑक्टोबरांत पॅरिसजवळील माँलेरी येथें याच मोटारींत अपघात होऊन ओरेये मृत्युमुखीं पडला. भग्न गाडी कारखान्यांत पुन्हां उभी करण्यांत आली. अर्थात् तिचा सर्व पत्रा मूळचा नव्हे. तरीही ती ‘तीच’ मानली जाते. कारण सांगाड्यावरील क्रमांक तोच, आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची कागदपत्रें अखंड. इतिहासाच्या अभ्यासकास यांत नवल वाटावयास नको. वतनाच्या तंट्यांत सनदेवरील शिक्क्याला जें महत्त्व, तेंच येथें त्या क्रमांकाला. त्याच आकाराची दुसरी गाडी आज कोणीही कुशल कारागीर बनवूं शकेल; १९६२ चा तो ऑक्टोबर मात्र त्याला बनवितां येणार नाहीं. २०१९ सालीं बोलोन्याच्या न्यायालयानें या मोटारीचा आकार ही कलाकृति असल्याचा निर्णय देऊन तिची नक्कल करण्यास मनाई केली. परंतु संग्राहक पैसे मोजतो ते केवळ आकारासाठीं नव्हेत, हें उघड आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. ३८५१ ही मोटार १९६५ सालीं एका तिशींतील इटालियन गृहस्थानें घेतली. त्या वेळीं ती जुनी, वापरून टाकलेली शर्यतीची गाडी होती. २०१० सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षें, त्यानें ती जतन केली. मधल्या काळांत भाव चढले, पडले, पुन्हां चढले. त्यानें ती विकली नाहीं. २०१४ सालीं बाजारानें जी किंमत ठरविली, तिचा पाया असल्या माणसांनीं घातलेला आहे. वस्तूला कवडीचा भाव असतांना तिचा लळा लावून घेणारा कोणी नसता, तर लिलांवास आणावयाला ती उरलीच नसती.

आणि दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, याच किंमतीमुळें अशा माणसाला आतां तेथें वाव राहिला नाहीं. आजच्या तिशींतील हौशी तरुणानें जी. टी. ओ.चें दर्शन घ्यावें तें दोरीपलीकडून, एखाद्या प्रदर्शनांत. किंवा कोणी उदार धनिक अजूनही ती इंग्लंडांतील गुडवुडसारख्या ठिकाणीं पळवितो, तेथें प्रेक्षकांत उभें राहून. त्याची आवड खरी असेल, तर त्यानें आज ज्याला कोणी विचारीत नाहीं अशा एखाद्या यंत्राकडे, पोथीकडे किंवा वाद्याकडे वळावें हें बरें. तेथें त्याला स्पर्धक नाहींत, आणि ती वस्तु टिकेल कीं नष्ट होईल हें खरोखरच त्याच्या हातीं आहे.