रिमोटच्या एका कळीवर संगणक : 'होम थिएटर' संगणक दुरून चालू-बंद करण्याच्या पद्धती

दूरचित्रवाणी संचाला जोडलेला आणि चित्रपट, संगीत, छायाचित्रे व रेकॉर्ड केलेले कार्यक्रम पाहण्यासाठीच राखून ठेवलेला संगणक 'होम थिएटर संगणक' या नावाने ओळखला जातो. हा संगणक दिवाणखान्यात आला की घरातील सर्वांची त्याच्याकडून एकच अपेक्षा असते. त्याने दूरचित्रवाणी संचासारखे वागावे. रिमोटची कळ दाबताच चालू व्हावे आणि पुन्हा दाबताच बंद व्हावे. आजी-आजोबांना त्यासाठी कीबोर्ड शोधावा लागू नये किंवा कपाटामागे हात घालून बटण चाचपडावे लागू नये.

अपेक्षा साधी असली तरी तिच्या पूर्ततेत एक मूलभूत अडचण आहे. पूर्णपणे बंद असलेले यंत्र कोणाचाही संकेत ऐकू शकत नाही. रिमोटने संगणक चालू करायचा असेल, तर त्याचा एखादा लहानसा भाग सतत जागा राहावा लागतो. हा जागा भाग कोणता, त्याला वीज कोठून मिळते आणि त्याची किंमत किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की या विषयातील बहुतेक कोडी सुटतात.

जागत्या पहाऱ्याचा इतिहास

हा प्रश्न रिमोटइतकाच जुना आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये 'फ्लॅश-मॅटिक' हा प्रकाशझोतावर चालणारा बिनतारी रिमोट बाजारात आणला. त्याचा झोत संचाच्या कोपऱ्यांतील प्रकाशसंवेदी घटकांवर पाडला जाई. मात्र उन्हाची तिरीप पडली तरी संच आपोआप प्रतिसाद देत असे. १९५६ मध्ये त्याच कंपनीने श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा 'स्पेस कमांड' रिमोट आणला. हा रिमोट बॅटरीविना चाले, पण ध्वनी टिपण्यासाठी संचात जादा निर्वात नलिका बसवाव्या लागत आणि त्यामुळे संचाची किंमत वाढत असे. पुढे अवरक्त किरणांचे रिमोट आले आणि तेच घरोघरी रुळले.

संगणकात अशी सोय येण्यास १९९५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी इंटेल कंपनीने 'एटीएक्स' ही रचना जाहीर केली. त्यापूर्वीच्या संगणकांत मुख्य बटण थेट विजेचा प्रवाह तोडत असे. एटीएक्स रचनेत वीजपुरवठा करणारा भाग, संगणक बंद असतानाही, पाच व्होल्टची एक लहान धार मदरबोर्डला पुरवत राहतो. बटण दाबले की मदरबोर्ड वीजपुरवठ्याला 'सुरू हो' असा संकेत देतो. म्हणजे बटण स्वतः वीज जोडत नाही, ते केवळ विनंती करते. आणि जी विनंती बटण करू शकते, ती रिमोटही करू शकतो.

'बंद' या शब्दाचे तीन अर्थ

१९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' ही वीज-व्यवस्थापनाची मानके प्रसिद्ध केली. त्यांनुसार घरी ज्याला आपण 'बंद' म्हणतो त्या अवस्था तीन आहेत.

पहिली 'स्लीप' म्हणजे निद्रावस्था. तिला एस-३ असेही म्हणतात. तीत प्रोसेसर, पंखे आणि हार्ड डिस्क थांबतात, पण रॅमला वीज मिळत राहते. जाग आल्यावर संगणक काही सेकंदांत पूर्वीच्याच पडद्यावर परततो.

दुसरी 'हायबरनेट', अर्थात एस-४. तीत रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून रॅमची वीज काढून घेतली जाते. जाग येण्यास वेळ लागतो, पण वीज गेली तरी काही हरवत नाही.

तिसरी 'शटडाउन', अर्थात एस-५. तीत काम संपवून सर्व काही मिटवले जाते. पाच व्होल्टची धार मात्र चालूच राहते.

रिमोटसाठी सर्वांत सोयीची अवस्था निद्रेची. निद्रावस्थेत बहुतेक मदरबोर्ड यूएसबी जोडण्यांना वीज देत राहतात. एस-५ मध्ये अनेक मदरबोर्ड ती तोडतात. म्हणूनच 'स्लीपमधून रिमोट चालतो, शटडाउननंतर चालत नाही' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तो रिमोटचा दोष नसून यूएसबीला वीज न मिळाल्याचा परिणाम असतो.

संकेत पोहोचवण्याचे चार मार्ग

अवरक्त किरण आणि यूएसबी रिसीव्हर : हा सर्वाधिक रुळलेला मार्ग आहे. रिमोटच्या टोकावरील दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सेकंदाला साधारण ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकवतो आणि त्या लुकलुकीचे लहान-मोठे तुकडे पाडून प्रत्येक कळीचा संकेत तयार होतो. उन्हातील अवरक्त प्रकाश अशा ठेक्यात येत नसल्याने रिसीव्हर तो सहज वगळतो. जुन्या सीएफएल दिव्यांची झगमग मात्र या ठेक्याच्या जवळपास असू शकते आणि त्यामुळे रिमोट अडखळतो. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' आवृत्ती काढली आणि हिरव्या कळीचा रिमोट परिचित झाला. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळण्यात आले. पण त्या काळातील रिसीव्हर निरुपयोगी झाले नाहीत. लिनक्सच्या गाभ्यात त्यांच्यासाठी सोय आहे आणि 'कोडी'सारख्या मुक्त प्रणालीसोबत ते वापरता येतात.

बटणाला समांतर जोडणी : एस-५ मधूनही संगणक चालू करायचा असेल, तर पाच व्होल्टच्या धारेवर चालणारा लहान रिसीव्हर पेटीच्या आत बसवून त्याची जोडणी मदरबोर्डवरील पॉवर बटणाच्या दोन पिनांना समांतर करतात. ठरलेला संकेत आला की हा रिसीव्हर त्या दोन पिना क्षणभर जोडतो. मदरबोर्डच्या दृष्टीने कोणीतरी बटणच दाबलेले असते. मूळ बटणही चालू राहते, हा याचा फायदा. हे काम पेटी उघडून करावे लागते. म्हणून आधी विजेची तार काढून ठेवणे अत्यावश्यक आहे आणि अनुभव नसल्यास ते तंत्रज्ञाकडून करून घेणे उत्तम. काही लहान संगणकांत, उदाहरणार्थ इंटेलच्या 'एनयूसी' मालिकेतील अनेक नमुन्यांत, असा रिसीव्हर कारखान्यातूनच बसवलेला होता.

एचडीएमआय केबल : एचडीएमआय जोडणीत 'सीईसी' नावाची एक स्वतंत्र तार असते. तिच्याद्वारे दूरचित्रवाणी संच आणि त्याला जोडलेली उपकरणे परस्परांना चालू-बंद होण्याचे निरोप देतात, आणि संचाचा एकच रिमोट सर्वांना पुरतो. मात्र संगणकांच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांत ही तार जोडलेलीच नसते. त्यासाठी वेगळे यूएसबी उपकरण मध्ये बसवावे लागते. रास्पबेरी पाय या लहान संगणकात सीईसीची सोय अंगभूत आहे.

स्थानिक जाळे : 'वेक ऑन लॅन' या पद्धतीत नेटवर्क कार्ड जागे राहते. त्याला १०२ बाइटांचा ठरावीक संदेश मिळाला की ते संगणकाला उठवते. या संदेशात आरंभीचे सहा ठरावीक बाइट आणि त्यानंतर त्या कार्डाचा पत्ता सोळा वेळा असतो. मोबाइल फोनवरील अॅप हाच येथे रिमोट ठरतो. भिंतीआडून चालणे हे या पद्धतीचे बळ आहे, तर केबलऐवजी वाय-फाय असल्यास भरवसा कमी होणे ही तिची मर्यादा.

कोणत्या सेटिंग तपासाव्यात

रिमोटने संगणक उठत नसेल, तर तीन ठिकाणी पाहावे. पहिले ठिकाण बायोस. त्यातील 'ईआरपी' हा पर्याय चालू असल्यास बंद अवस्थेत यूएसबीची वीज तोडली जाते. तो बंद ठेवावा आणि यूएसबीवरून जागे होण्याचा पर्याय चालू करावा. दुसरे ठिकाण कार्यप्रणालीतील उपकरणांची यादी. तेथे रिसीव्हरला संगणक जागा करण्याची परवानगी द्यावी लागते. तिसरे ठिकाण विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय असल्यास 'शटडाउन' म्हटल्यावर संगणक अंशतः हायबरनेट होतो, आणि काही संगणकांत त्यामुळे जागे होण्याचे संकेत वाया जातात.

याच्या उलट तक्रार म्हणजे मध्यरात्री संगणक आपोआप चालू होणे. बहुधा माउसला लागलेला धक्का किंवा नेटवर्कवरील एखादा किरकोळ निरोप त्यामागे असतो. विंडोजमधील 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा कोणत्या उपकरणांना अशी परवानगी आहे आणि शेवटी कोणी संगणक उठवला, हे दाखवू शकते. रिसीव्हर वगळून इतरांची परवानगी काढून घेतली की हा उपद्रव थांबतो.

बंद करताना घ्यावयाची काळजी

चालू करण्यापेक्षा बंद करण्यात धोका अधिक आहे. काही जण रिमोटवर चालणारा प्लग लावून संगणकाची वीजच तोडतात. दिव्यासाठी हे योग्य आहे, संगणकासाठी नाही. डिस्कवर लिहायचा काही मजकूर त्या क्षणी रॅममध्येच असू शकतो. वीज तुटली की तो जातो आणि फायलींची रचनाही बिघडू शकते. कुटुंबाची छायाचित्रे त्याच डिस्कवर असतील तर हे नुकसान भरून न येणारे ठरते. पॉवर बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरल्यासही संगणक असाच तडकाफडकी बंद होतो. म्हणून समांतर जोडणीतील रिसीव्हरने बटण क्षणभरच 'दाबावे' आणि त्यावर काय करायचे, निद्रा की शटडाउन, हे कार्यप्रणालीने ठरवावे.

दुसरी बाब कळींची. चालू आणि बंद या दोहोंसाठी एकच कळ असल्यास संच व संगणक यांची चुकामूक होते. संच बंद होतो, त्याच वेळी संगणक चालू होतो. ज्या सार्वत्रिक रिमोटमध्ये 'चालू' आणि 'बंद' यांचे स्वतंत्र संकेत देता येतात, तो घ्यावा. 'बंद'चा संकेत दोनदा गेला तरी बंद संगणक चालू होत नाही.

तिसरी बाब खंडित वीजपुरवठ्याची. जेथे वीज वारंवार जाते, तेथे साध्या निद्रावस्थेतील रॅम क्षणात रिकामी होते. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, 'हायब्रिड स्लीप' हा पर्याय मिळतो. त्यात झोपण्यापूर्वी रॅमची प्रत डिस्कवर ठेवली जाते. त्यामुळे वीज गेली तरी काम सुरक्षित राहते. इन्व्हर्टर अथवा यूपीएस असल्यास अधिक चांगले.

जाग्या भागाची किंमत

रिमोटची सोय नसल्याने पुष्कळ घरांत संगणक दिवसरात्र चालूच ठेवला जातो. असा संगणक सरासरी ५० वॉट वीज घेतो असे धरले, तर वर्षाला ४३८ युनिट खर्च होतात. तोच दिवसाचे चार तास चालवून उरलेले वीस तास तीन वॉटच्या निद्रेत ठेवला, तर हा खर्च सुमारे ९५ युनिटांवर येतो. निद्रेऐवजी एक वॉटच्या शटडाउनमध्ये ठेवल्यास तो सुमारे ८० युनिट होतो. म्हणजे खरी बचत संगणक झोपवण्यात आहे. निद्रा आणि शटडाउन यांतील फरक वर्षाला १५ युनिटांचा आहे.

हा थेंब-थेंब खर्च जगभर मोठा होतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये प्रतीक्षा अवस्थेतील वीज एका वॉटवर आणण्याचा आग्रह धरला. युरोपीय संघाने २०१० पासून एक वॉटची आणि २०१३ पासून बहुतांश घरगुती उपकरणांसाठी अर्ध्या वॉटची मर्यादा लागू केली. बायोसमधील 'ईआरपी' हा पर्याय याच नियमांची देणगी आहे. रिमोटची सोय आणि ही मर्यादा यांत काही वेळा निवड करावी लागते, ती अशी.

नव्याने जोडणी करणाऱ्यांनी सोप्या पायरीपासून सुरुवात करावी. आधी यूएसबी रिसीव्हर आणि निद्रावस्था यांचा मेळ बसतो का ते पाहावे. रिमोटबद्दल शंका असल्यास तो मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी; बऱ्याच कॅमेऱ्यांत अवरक्त दिवा जांभळट उजेडाच्या रूपात दिसतो. तो दिसत असेल तर रिमोट ठीक आहे आणि शोध संगणकाकडे वळवावा. सेटिंग तपासूनही काम झाले नाही, तरच पेटी उघडण्याचा विचार करावा. जोडणी पूर्ण झाल्यावर घरातील ज्या व्यक्तीला संगणकाची सर्वांत कमी सवय आहे, तिच्या हाती रिमोट द्यावा. तिने कोणालाही न विचारता संगणक चालू केला, कार्यक्रम पाहिला आणि बंद केला, की काम नीट झाले असे समजावे.